प्रेमानंदचे पांढरे कप

गावात जातिभेद उरलेला नाही, असा ठराव ग्रामसभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, आणि त्याच आठवड्यात प्रेमानंदनं बसस्टँडसमोर कॉफी शॉप उघडलं. गाव चिखली-खामगाव रस्त्यावरचं. नाव सांगत नाही, उगाच आजूबाजूची गावं रुसतील. प्रेमानंद बौद्धपुऱ्यातला. पुण्यात बरीच वर्षं मोठमोठ्या लोकांना कॉफी पाजून तो परत आला होता. येताना मशीन आणलं, मऊ खुर्च्या आणल्या आणि चिनी मातीचे पांढरेशुभ्र कप आणले. त्या कपांवर त्याचा भारी जीव. त्याच्या बापाचा कप याच गावच्या हॉटेलाबाहेर वेगळा टांगलेला असायचा, आणि चहा पिऊन झाल्यावर बापालाच तो विसळावा लागायचा. आता गावानं आपल्या कपात एकदा तरी कॉफी प्यावी, एवढीच प्रेमानंदची हौस होती. हौसच म्हणायची, दुसरं काय!

उद्घाटन सरपंच वामनरावांच्या हस्ते झालं. समतेवर ते असे काही बोलले, की स्वतःच गहिवरले. मग प्रेमानंदनं वाफाळता कप पुढे केला.

"बेटा, मले कागदी गिलासात दे," वामनराव म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं हाये."

"कपाचं डॉक्टरले काय, भाऊ?"

"आता डॉक्टरले कोन विचारते बे!"

पाठोपाठ राजकुमार मास्तरांना चिनी मातीची ॲलर्जी निघाली. कुणाचा दात कपाच्या काठाला लागून ठणकू लागला, कुणाचं बोट कपाच्या कानात शिरेना. आठवडाभरात अख्ख्या गावाला कपाची बाधा झाली आणि आरोग्य खात्याला तिचा पत्ताही लागला नाही.

बाकी शॉपवर गावाचं प्रेम अस्सल हो! सकाळी सोयाबीनचे भाव, दुपारी सोयरिकी, संध्याकाळी राजकारण, सगळं तिथंच. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलणं तुटलेले दोन सख्खे भाऊ त्याच पंख्याखाली पुन्हा बोलू लागले. "घरापेक्षा बरं वाटते बुवा इथं," वामनराव पाय पसरून म्हणत. हातात अर्थातच कागदी गिलास.

प्रेमानंदची बायको धम्मशीला न वापरलेले कप रोज धुऊन पुसून मांडायची. एक दिवस तिनं विचारलंच, "कोनाचे उष्टे धुऊन राह्यली मी, सांगा बरं? धुळीचे?"

हे मात्र प्रेमानंदच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं कागदी गिलास बंद केले.

तातडीची ग्रामसभा बसली. विषय : पर्यावरण. कागदी गिलासापायी झाडं तुटतात, हे गावाच्या एकाएकी ध्यानात आलं. बोलता बोलता मास्तरांना तर हुंदका आवरेना. प्रत्येकानं आपापला कप घरून आणावा, असं सर्वानुमते ठरलं. ग्रामपंचायतीनं निधीतून शॉपच्या भिंतीवर खुंट्या ठोकून दिल्या, खाली नावं रंगवून दिली. बापाच्या काळी खुंटीवर बाप होता. आता सगळं गाव खुंटीवर आलं. प्रगती प्रगती म्हणतात, ती हीच असावी.

ही कीर्ती बुलडाण्यापर्यंत गेली. 'आपला कप, आपली वसुंधरा' अभियानात गावाला पुरस्कार जाहीर झाला आणि तो द्यायला वरून साहेब आले. निमंत्रण पत्रिकेवर नुसतंच 'मा. साहेब' छापलं होतं. साहेब माइकवर म्हणाले, "एकवेळ वापराच्या साहित्याचे शून्य उत्सर्जन साध्य करणारे, लोकसहभागातून उभे राहिलेले हे जिल्ह्यातील आदर्श केंद्र होय!" प्रेमानंदला शाल पांघरवली गेली. त्या शालीत त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

भाषणानं साहेबांचा घसा कोरडा पडला. "चला, एक कॉफी होऊन जाऊ द्या!"

पण साहेबांनी कप कुठे आणला होता? गावकरी एकमेकांची तोंडं पाहू लागले. आपला कप द्यावा, तर साहेब नेमके कुठले, कुणापैकी, हे गावाला ठाऊक नव्हतं. तेव्हा प्रेमानंदनं पांढरा कप काठोकाठ भरला आणि साहेबांच्या हातात दिला. धम्मशीला आतून येऊन दारात उभी राहिली. साहेबांनी कप ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

"आपलं आडनाव काय म्हणालात?"

"पह्यले प्या साहेब, मंग सांगतो."

"तसं काही नाही हो. सहज विचारलं."

"म्या बी सहजच देल्ली, साहेब."

साहेब पिईनात, कप खाली ठेवीनात. फोटोवाला ताटकळला. वामनराव छताकडे पाहू लागले. कॉफीवर साय धरली, तशी धम्मशीला पुढे आली आणि साहेबांच्या हातातून तिनं कप काढून घेतला.

"थंडी झाली साहेब, राहू द्या," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या देखत मऊ खुर्चीवर बसून सावकाश सगळी कॉफी प्यायली. "चांगली करता हो तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली. प्रेमानंदनं शाल काढून ठेवली आणि दुसरा कप स्वतःसाठी भरला. साहेबांची गाडी धुरळा उडवत निघून गेली.

झालं, एवढीच गोष्ट. पण तुम्ही अजून उठला नाहीत. साहेबांचं आडनाव काय होतं, हेच मघापासून मनात घोळतंय ना? विचारा की, लाजता काय! सहजच विचारताय, हे मला ठाऊक आहे.