वजन माझं, घाम त्यांचा

"वजनं उचला, ताकद येईल, चरबीही उतरेल. पण व्यायाम झाला म्हणून उरलेला दिवस लोळून काढू नका हं! घरातली ऊठबस, चालणं-फिरणं, सगळं त्यात धरायचं असतं," जिममधल्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मी हसण्यावारी नेलं. "ताई, घरात दोन वर्षांची मुलगी आहे. लोळायला फुरसत कुणाला?"

फुरसत निघते हो! काढली की निघते.

आमची लिफ्ट काही महिन्यांनी दुरुस्तीसाठी बंद होणार होती आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. एकदा वीज गेली तेव्हा फुगीला कडेवर घेऊन चढताना मी पहिल्याच मजल्यावर अशी धापा टाकायला लागले, की लेकच माझे गाल कुरवाळत म्हणाली, "आई, बाऊ झाला?" नवरा घरी नसताना हिला ताप आला आणि दवाखान्यातून हिला वर आणताना जिन्यातच बसकण मारली तर? छे! ठरलं. लिफ्ट बंद व्हायच्या आत ताकद कमवायची!

कमवली! डंबेल्स असे उचलायचे, जसे काही शेंगदाणे! फक्त घरी आल्यावर स्नायूंना विश्रांती हवी ना? म्हणून मी सोफ्यावर.

"अरे, कपडे वाळत घालतोस? माझे दंड भरून आलेत."

"आई, फुगी पळाली बघा! माझ्या मांड्या आज उठू देत नाहीत."

सासूबाई नातीमागून धावता धावता ओरडल्या, "व्यायाम तुझा आणि घाम आम्हाला!"

मी मनावर घेतलं नाही. माझं लक्ष भलतीकडेच होतं. नवऱ्याची पँट कमरेवर टिकेना! बोलता बोलता तो ती वर ओढायचा. सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. दोघंही एकदम वाळतात म्हणजे साथच की! मी दोघांचा ताप बघायला लागले, पाणी दोनदा उकळायला लावलं (सोफ्यावरूनच), आणि शेवटी दोघांना ओढत डॉक्टरांकडे नेलं.

"डॉक्टर, काहीही लपवू नका! मी खंबीर आहे."

डॉक्टरांनी दोघांना तपासलं, रिपोर्ट चाळले. "उत्तम तब्येत! दिवसभर करता काय?"

"झाडू, फरशी, कपडे, बाजार," नवरा म्हणाला.

"आणि नात," सासूबाई म्हणाल्या. "शिवाय सूनबाईचं पाणी. ते दर दहा मिनिटांनी."

डॉक्टरांनी माझ्याकडे नजर वळवली. "तुम्ही जरा काट्यावर उभ्या राहा बघू."

राहिले. काटा असा उसळला, की डॉक्टरांनाच खोकला आला.

"दंड छान झालेत," ते मायेनं म्हणाले. "पण जिममध्ये जेवढं जाळता, तेवढं सोफ्यावर परत मिळवता. व्यायाम चालू ठेवा. सोफा सोडा."

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. रडत नव्हत्या, एवढं नक्की.

त्या दिवसापासून मी इरेला पेटले! जिम चालूच, वर फरशी मी, कपडे मी, बाजार मी, फुगीमागं धावायचं तेही मीच. नवरा मदतीला उठला की, "खबरदार! बस तिथं!" बिचारा आज्ञाधारक. बसला. सोफ्यातल्या माझ्या खळग्यात तो अगदी नेमका मावला. सासूबाई मात्र हुशार. माझं न ऐकता रोज जिना उतरून फिरायला जातात.

आज लिफ्ट बंद झाली. आम्ही तिघं बाजारातून आलो. मी फुगीला कडेवर घेतलं, पिशव्या नवऱ्याकडे दिल्या आणि निघाले. पहिला मजला, दुसरा, तिसरा... थांबले नाही! चौथ्या मजल्यावर फुगीनं टाळ्या वाजवल्या, "आई, पुन्हा!" मला रडूच आलं. दारात सासूबाई पाणी घेऊन उभ्या होत्या. या वेळी मी मागितलं नव्हतं.

मी पेला रिकामा करताच त्यांनी विचारलं, "आणि हा कुठाय?"

मी कठड्यावरून खाली वाकून बघितलं. दुसऱ्या मजल्याजवळून भात्यासारखा आवाज येतोय. त्याची पँट आता पुन्हा नीट बसते, थोडी घट्टच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुम्ही खालून वर येत असाल तर जरा बघाल का हो त्याच्याकडे? निळा शर्ट, दोन पिशव्या. घोटभर पाणी द्या, हवं तर एक पिशवी घ्या. पण दोन्ही घेऊ नका बरं का, त्याची तेवढीच हालचाल होते!