चढत्या क्रमाने

"आकडेच आहेत ना? मग सरासरी काढून टी-टेस्ट लावायची! त्यात काय एवढं!" दादाने बाह्या सरसावल्या. तो शाळेत गणित शिकवायचा आणि आकडे आपल्याला टरकून असतात, अशी त्याची पक्की समजूत होती.

धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट. प्रबंधासाठी तिने गुडघेदुखीच्या तीस रुग्णांकडून सहा आठवडे व्यायाम करून घेतला होता. दुखणं दहापैकी किती, हे आधी आणि नंतर विचारून प्रत्येकाचा एकेक कागद भरला होता. सोमवारी प्रबंध दिला नाही, तर पदवी सहा महिने लांबणार!

दादाने एका बैठकीत आकडे कॉम्प्युटरवर चढवले. डाव्या गुडघ्यासाठी एक, उजव्यासाठी दोन, अशा खुणा होत्या. भरात त्यांचीही सरासरी काढली.

"सरासरी गुडघा दीड!"

"दीड म्हणजे कुठला रे दादा?" बहिणीने कपाळाला हात लावला आणि घाबरून प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला.

मॅडम म्हणाल्या, "अगं, दुखणं म्हणजे वजन-उंची नव्हे. आठ म्हणजे चारच्या बरोब्बर दुप्पट, असं थोडंच असतं! टी-टेस्ट नको, नुसता लहान-मोठा क्रम बघणारी विलकॉक्सन चाचणी लाव. आणि माणसं तीच आहेत, तेव्हा ज्याचं 'आधी' त्याच्याच 'नंतर'शी जोड."

"एवढंच ना? जोडतो की!" दादा म्हणाला.

शनिवारी सकाळी बहिणीने फाईल उघडली. आकडे जिन्यासारखे चढत गेले होते.

"हे इतके शिस्तीत कसे?"

"मीच लावले! दोन्ही रकाने वेगवेगळे, चढत्या क्रमाने. केवढा पसारा होता!"

"अरे, मग कुणाचं 'नंतर' कुणाला चिकटलंय? कागद कुठायत माझे?"

दादा डोकं खाजवू लागला. "पाठकोरे होते गं... काल शाळेतल्या गणिताच्या चाचणीत मुलांना रफ कामाला वाटले."

ती रडू लागली. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारची दुपार त्याने शाळेच्या अडगळीच्या खोलीत, रद्दीत रांगत काढली. सापडले सात कागद! बाकी तेवीस रुग्णांच्या 'आधी'ची आणि 'नंतर'ची कायमची ताटातूट झाली होती.

भिंतीला धरत, लंगडत तो घरी आला. बहीण नवी वही घेऊन बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"गुडघा दुखतोय?"

"दोन्ही."

"दहापैकी किती?"

"नऊ," दादा कण्हला.

तिने लिहिलं: रुग्ण क्रमांक एक, आधी नऊ. दादाने बघायला हात पुढे केला, तशी तिने वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.