कावळ्याला दिलेला शब्द

भीमेकाठच्या त्या तालुक्याच्या गावातला ओढा शेवटी वाचला आणि नगरपरिषदेनं त्याची बाग केली. हे आपण अजून ऐकलेलंच नाही, असं धरू. कारण तुळजाबाईंच्या दहाव्याला ओढ्याकाठी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला, सर्जेरावांना, त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुढे पिंड होता, पिंडापुढे बाभळ होती आणि बाभळीवरचा कावळा काही केल्या खाली येत नव्हता.

"आई, धाकट्या सारिकाचं लगीन मी थाटात लावतो," मुलगा भारत म्हणाला. कावळ्यानं फांदीला चोच पुसली.

"अक्का, तुझी शेरडं मी केडगावला नेते, पोरावानी सांभाळते," धाकटी बहीण रतनबाई म्हणाली. कावळ्यानं पाठ फिरवली.

"दाजी, अक्काच्या मनात काय ऱ्हायलंय?" राहू गावाहून आलेले मेहुणे हरिबा कुजबुजले. "आठवा की. न्हाईतर गुरुजी दर्भाचा कावळा करत्याल."

आठवायचं कशाला, सर्जेरावांना माहीतच होतं. उभ्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'अगं ए', नाहीतर 'भारतची आई'. "एकदा नावानं बोलवा की," ती दवाखान्यात म्हणाली होती. खोलीत नर्स होती, त्यांना लाज वाटली. आता तर निम्मं गाव समोर बसलेलं. तरी त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात नगरसेवक रविराजनं श्रद्धांजलीसाठी माईक घेतला. लग्न असो, मयत असो, माईक हातात आला की रविराज विकासकामांवर यायचा. "मावशींच्या साक्षीनं सांगतो, ह्यो ओढा आम्ही बुजू देणार न्हाई. हितं बाग करू."

कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

रविराजचा चेहरा पिंडातल्या भाताहून पांढरा पडला. ओढा बुजवून त्यावर दुकानाचे गाळे काढायचा प्रस्ताव त्याच्याच सहीनं पुढच्या सभेत यायचा होता.

"मतदाराला दिलेला शब्द निराळा," नगराध्यक्ष त्याला म्हणाले. "कावळ्याला दिलेला मोडला, तर माझ्या दहाव्याला कोण शिवल?"

बागेचा ठराव एकमतानं झाला. विरोधकांनीही हात वर केले, कारण मरायचं त्यांनाही होतंच. सांडपाणी वळवलं, गाळ काढला, काठानं करंज लावले. बाभळ तेवढी जागच्या जागी ठेवली. आणि कमानीवर नाव आलं, तुळजाबाई उद्यान.

मग रोज सकाळी घंटागाडी बजावत जायची, तुळजाबाईत कचरा टाकू नका. कॉलेजची पोरं एकमेकांना सांगायची, तुळजाबाईत भेटू. सगळं गाव तिला नावानं बोलवायला लागलं. राहिले ते एकटे सर्जेराव.

"तिनं जल्मात कवा ओढ्याचं नाव काढलं न्हाई," ते रतनबाईला म्हणाले. "मग कावळा ओढ्यासाठी आला, का माझं खाकरणं ऐकून?"

"दाजी, ते आता कसं कळायचं?" रतनबाई म्हणाली आणि पदरानं डोळे टिपायला लागली.

एका दुपारी बागेत कोणी नाही असं बघून सर्जेराव कमानीखाली उभे राहिले. इकडं तिकडं पाहिलं आणि हाक मारली, "तुळजा."

"व्हय आबा, हीच," वॉचमन बिरदेव आतून म्हणाला. "बराबर आलाय. या, तिकीट न्हाई."

सर्जेराव आत गेले नाहीत. ते तडक नगरपरिषदेत गेले. तिथं अर्ज लिहून द्यायला अपेक्षा नावाची क्लार्क होती.

"विषय काय लिहू, आबा?"

"फेरसुनावणी."

"कुणाची?"

"कावळ्याची."

तिनं पेन खाली ठेवलं. "म्हंजी बाग रद्द करायची?"

"छ्या. बाग झ्याक हाय. राहू द्या ती." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लिव्हा पोरी."

अपेक्षानं कार्यालयीन भाषेत लिहून घेतलं, ते असं: तरी सदर कावळ्याची फेरसुनावणी पूर्वीच्याच बाभळीखाली घेण्यात यावी. त्या वेळी माईक कोणाच्याही हाती देऊ नये. आणि अर्जदाराची हाक पुरी होईपर्यंत गावातल्या इतर कोणीही सदर नाव घेऊ नये, ही नम्र विनंती.