रिकाम्या भांड्यावर धाड

कॅव्हियार वाढायची जुनी चांदीची भांडी पारखावीत ती मीच! अख्ख्या आस्त्राखानात माझा हात धरणारा नाही. खाली बर्फाचा वाडगा, आत काचेची वाटी, वर नक्षीचं झाकण. अशी सहा भांडी माझ्या कपाटात सासरी आलेल्या जावयांसारखी ऐटीत बसली आहेत. कॅव्हियार मात्र एकातही नाही! व्होल्गा दारावरून वाहते, पण स्टर्जन माशाची ती काळी गाबोळी आम्हा पेन्शनरांच्या नशिबी कुठली?

जीव अडकला होता तो सातव्यात. झाकणावर वाकड्या शेपटीचा स्टर्जन. आईकडे होतं तसं. तंगीच्या दिवसांत ते विकलं, तेव्हा ती कितीतरी वेळ रिकामं फडताळ पुसत बसली होती.

परवा जुन्या बाजारातल्या दुकानदाराचा फोन आला. मी जिन्यातच ओरडलो, "स्टर्जन? अर्धा किलो मावतो? कुणाला दाखवू नका, आत्ता येतो!"

जिन्यात शेजारीण रिम्मा ल्वोव्ना उभी होती. झालं! 'मावतो' तेवढं गाळून तिनं बातमी इमारतभर केली.

भांडं घेऊन परततो तर स्वयंपाकघरात निम्मी इमारत, हातात पाव नि लोणी!

"वेन्या, हे काय रे?" बायको कापितोलिना कडाडली.

"शेजाऱ्यांपासून लपवतोस होय?" रिम्मा फुरंगटली.

तेवढ्यात घंटी! दारात तरणा पोलीस, तागीर. "काका, चोरटा कॅव्हियार आलाय म्हणे. पिशवी उघडा!"

उघडली. आत भांडं, भांड्यात हवा. आणि झाकणावरच्या माशाची शेपटी पट्टीसारखी सरळ! मी ती बोटानं चाचपून पाहिली; आईकडचं भांडं हे नव्हेच.

"रिकामं?" तागीरचा चेहरा माझ्याहून जास्त पडला.

कापितोलिनाला आमची दया आली. तिनं बरणीतली 'इक्रा', म्हणजे वांग्याची भरतासारखी चटणी, त्यात ओतली. गरिबाचा कॅव्हियार! तागीरही टोपी काढून बसला.

"काका, खरा कसा लागतो हो? मी कधी खाल्लाच नाही."

"लोण्यासारखा," रिम्मा म्हणाली.

"छे! खारट, समुद्रासारखा," कापितोलिना.

सगळे माझ्याकडे बघू लागले. जाणकार ना मी! ऐटीत तोंड उघडलं... आणि ते तसंच राहिलं. आठवेचना हो!

शेवटी त्या उघड्या तोंडात वांगंच घातलं.