चौऱ्याण्णव टक्के भरलेला डोह

या मंडळी, जवळ सरका. मागच्यांनी पुढे या, पुढच्यांनी जरा गुडघे आवरा. देवाने पाणी दिलं आणि सरकारने ते मोजायला पट्टी दिली. त्या दोघांच्या कचाट्यात सापडलेल्या एका सज्जनाची गोष्ट सांगतो.

धरणावर एक मोजणीदार होते. सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. रोज सकाळी सहाला भिंतीवरच्या पट्टीपुढे उभं राहायचं, पाणी कुठल्या रेषेला टेकलंय ते वहीत लिहायचं आणि कार्यालयाला कळवायचं, ही त्यांची एकवीस वर्षांची पूजा. डोळ्यांनी पाहिलं नाही ते कधी लिहिलं नाही. त्या साली पाणी शून्याच्याही खाली गेलं. उरला तळाचा डोह. शहराचे नळ त्याच्याच जिवावर करंगळीएवढे वाहत होते.

काकांनी फोनवर सांगितलं, "उणे चार."

"काका, संगणक उणे घेत नाही," कारकूनबाई म्हणाल्या.

"अहो बाई, पाणीच खाली गेलंय, मी काय करू?"

"मग त्याला वर यायला सांगा. माझा तक्ता अडलाय."

तक्ता अडला म्हणजे खातं अडलं. तातडीची बैठक बसली. पाणी वर आणणे विभागाच्या कक्षेत येत नाही, पट्टी खाली आणणे येते, असा निष्कर्ष एकमताने निघाला. आठवड्याभरात डोहाच्या मापाची नवी पट्टी लागली. तळाशी शून्य, डोहाच्या काठाशी शंभर. रंग मोठा देखणा होता. काकांनी डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं: चौऱ्याण्णव.

संध्याकाळी बायकोने वर्तमानपत्र पुढे टाकलं. "धरण भरलं म्हणे! मग माझा हंडा का रडतोय?"

"पट्टी तसं सांगते गं."

"तुम्ही पट्टी वाचा, मी नळ वाचते. बघू कोणाचं खरं निघतं."

दुसऱ्याच दिवशी आदेश आला. साठा नव्वदच्या वर गेल्यास पूरसुरक्षेसाठी तळाचा दरवाजा उघडण्यात यावा. काकांनी थेट साहेबांना फोन लावला.

"साहेब, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. शेवटचं."

"काका, चौऱ्याण्णव तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं. पण पूर कुठून येणार? आभाळात ढगाचा धागा नाही."

"आभाळ आपल्या खात्यात येत नाही. पूर येणार नाही असं लेखी द्या, आत्ता आदेश मागे घेतो."

काकांनी पेन उघडलं. उद्या देवाच्या मनात काय आहे, हे लेखी कोण देणार? न पाहिलेलं लिहायचं कसं? कागद कोराच राहिला. त्यांनी पेन मिटलं, हात जोडले आणि दरवाजाचं चाक फिरवायला घेतलं. एकेका फेऱ्याला देवाचं नाव घेत गेले. साठ फेरे झाले.

भोंगा वाजला. नदीकाठच्या लोकांना शाळेत हलवलं. पाणी निघालं, कोरड्या पात्रातून तिसऱ्या वळणापर्यंत गेलं आणि वाळूत गडप झालं. अहवालात नोंद झाली: पूर टळला, जीवितहानी शून्य. विभागाला सन्मानचिन्ह मिळालं. काकांच्या वहीत त्या दिवसाच्या पट्टीच्या रकान्यात शून्य आहे, आणि शेऱ्यात दोनच शब्द: 'मासे दिसले.'

हंड्यात दुसऱ्या दिवशी थेंब पडला नाही. बायकोने तो नळाखालून काढून काकांसमोर पालथा घातला.

हसलात ना? हसा. पण 'धरण चौऱ्याण्णव टक्के' ही बातमी तुम्हीही वाचली होती. वाचताना करंगळीएवढा का होईना, नळ चालूच सोडून तुम्ही निवांत दात घासत होता. म्हणालात, "चला, यंदाची चिंता मिटली."

तेव्हा एवढं करा. उद्या नळ नुसता फुसफुसला की खात्याला पोटभर शिव्या द्या. पण शिव्या संपल्या की, ज्याने खरं लिहून पाणी घालवलं त्या पट्टीकाकांची एकदा आठवण काढा. कोरड्या भिंतीपुढे ते अजूनही रोज सकाळी सहाला उभे असतात.