निरोप पोचला का?

पायाला ठेच लागली की गुरुजी "आई गं" म्हणत नाहीत. जागच्या जागी थांबतात, डोळे मिटतात आणि खूश होऊन म्हणतात, "पोचला!"

काय पोचला? तर निरोप. अंगठ्यापासून मेंदूपर्यंत. गोंडपिपरीत आयुष्यभर विज्ञान शिकवून आमचे हे शेजारी निवृत्त झाले, पण चेतापेशींनी काही त्यांची पाठ सोडली नाही. सकाळी फाटकापाशी नमस्कार करायला जावं, तर ते दंडाला चिमटा काढतात. आपण ओरडलो की म्हणतात, "वा! लाइन चालू हाय." एकदा नवे तलाठी ओळख करून घ्यायला आले होते. बिचारे दंड चोळत परत गेले.

गुरुजींची धानाची एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आहे. म्हणजे खरं तर ती शेवंताबाईंची, त्यांच्या बायकोची. गुरुजींची तिथे निव्वळ अडचण. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बायका चिखलात वाकलेल्या, आणि हे बांधावर उभं राहून उपटलेलं रोप उलटं धरणार.

"हे पाहा, चेतापेशी! ह्या मुळ्या म्हणजे तिच्या फांद्या. निरोप इथून आत येते. मुळ्या जिथी जमतात, ते पेशीचं पोट. मंग हा लांब दांडा निरोप वाहून नेते आन् पात्याच्या टोकातून पुढच्या पेशीले देते. पण दोघी एकमेकीले चिकटत नाई बरं! मधात फट रायते. निरोप रसायनाच्या डोंग्यात बसून पल्याड जाते, आपण वैनगंगा पार करतो तसा."

एकदा शिकवण्याच्या भरात त्यांनी अख्खी ओळच उलटी रोवली. मुळ्या वर, पाती चिखलात. शेवंताबाई तिकडून ओरडल्या, "गुरुजी, हे धान जमिनीखाली कापा लागन का जी?" घरातही त्या त्यांना गुरुजीच म्हणतात. बायका हसून हसून बांधावर बसल्या. तेव्हापासून गुरुजींनी रोपाला हात लावला रे लावला की शेवंताबाई विचारायच्याच, "सुलटं लावलं ना, गुरुजी?"

गेल्या पोळ्यानंतर शेवंताबाईंना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी रोज सराव करा म्हणून सांगितलं, हमी मात्र कसलीच दिली नाही. शेवंताबाईंचं एकच म्हणणं, "येत्या रोवणीले मले माह्या हातानं रोप लावाचं हाय."

"मेंदूतली मेली पेशी परतून येत नाई," गुरुजी मला म्हणाले. "पण रोवणीत एखादी बाई आली नाई, तं बाजूवाली तिची ओळ घेतेच ना? मंग?" त्या दिवशी चिमटा काढायचंही ते विसरले.

मग रोज संध्याकाळी पडवीत परीक्षा सुरू झाली. शेवंताबाईंनी डोळे मिटायचे, गुरुजींनी उजव्या बोटाला चिमटा घ्यायचा.

"पोचला का निरोप?"

"नाई जी."

शाळेत गुरुजींनी कधी कुणाला अर्धा गुण उगाच दिला नव्हता. इथेही ते "बरं, उद्या" एवढंच म्हणत आणि उठत.

यंदा गावात रोवणी सुरू झाली, त्या संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे डोकावलो. गुरुजींनी परातीत बांधीतला चिखल आणून ठेवला होता. शेजारी धानाचं एक रोप. शेवंताबाईंनी डोळे मिटले. गुरुजींनी हात पुढे केला. तो अजून वीतभर लांब होता, तोच त्या म्हणाल्या, "पोचला."

गुरुजींचा हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"वा!" गुरुजी म्हणाले. "लाइन चालू हाय."

त्यांनी शेवंताबाईंच्या लुळ्या बोटांत रोप दिलं, त्यावरून स्वतःचा हात घट्ट मिटला आणि दोन्ही हात मिळून चिखलात दाबले.

शेवंताबाईंचे डोळे मिटलेलेच होते. "सुलटं लावलं ना, गुरुजी?"

"मी कुठी लावलं?" गुरुजी म्हणाले. "तूच तं लावलं."