उपासाचं हाय की!

शांतवन साळवींनी आपल्या रूथला शाळेत घातलं नव्हतं. शाळेत पोरं आधी शिव्या शिकतात आणि मग पाढे, असं त्यांचं ठाम मत. ते कचेरीत कारकून होते; पण सकाळ-संध्याकाळ घरी पोरीला पवित्र शास्त्र, गणित आणि शुद्धलेखन शिकवत, म्हणून शनिवार पेठेतली अख्खी गल्ली त्यांना 'मास्तर' म्हणे. रूथला मात्र शेजारच्या लीलाबरोबर शाळेत जायचं होतं. लीला दप्तर घेऊन निघाली की ही चौकटीला टेकून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राही.

"जाशील शाळेत," मास्तर एकदा म्हणाले, "पण आधी इंद्रियदमन शीक. बुधवारी आपण तिघं दिवसभर उपास करू. पाण्याशिवाय काही नाही. पार पाडलास तर जूनमध्ये शाळा. मोडलास तर नाव काढायचं नाही."

बुधवारी कचेरीत निघताना त्यांनी पुन्हा बजावलं, "उपास गुप्त ठेवायचा, अशी प्रभूची आज्ञा आहे. तोंड धुवायचं, डोक्याला तेल लावायचं, चेहरा प्रसन्न."

"कुणी विचारलं तर?"

"सांगायचं नाही. आणि खोटंही बोलायचं नाही."

मग बोलायचं तरी काय, हे न शिकवताच मास्तर निघून गेले.

रूथनं तेल जरा जास्तच थापलं. कानापर्यंत ओघळ घेऊन ती प्रसन्न चेहऱ्यानं पायरीवर बसली. लीलाच्या आईनं, धोंडुबाईंनी, हाक मारली.

"काय गं, जेवलीस न्हवं?"

"मला सांगता येत नाही, मावशी," रूथ हसून म्हणाली.

धोंडुबाईंच्या काळजात धस्स झालं. पोर उपाशी, आणि वर हसतंय! त्या तडक आत शिरल्या. चूल थंडगार. रूथची आई एस्तेरबाई तशीच तेल थापून, तशीच हसत बसलेली.

"वैनी, आज चूल का पेटली न्हाय?"

"ते सांगता येत नाही हो."

धोंडुबाई उलट्या पावली बाहेर पळाल्या. बघता बघता गल्लीत बातमी झाली, की मास्तरची नोकरी गेली, घरात दाणा नाही आणि धक्क्यानं मायलेकी भ्रमिष्ट होऊन हसत बसल्यात. समोरच्या बयाबाई पिठलं-भाकरी घेऊन धावल्या.

"आन् त्याल केवढं थापलंय बघा! मास्तरची नोकरी गेल्यावर डोस्कं थंड ऱ्हावं म्हणून वैदानं सांगिटलं आसंल."

नवऱ्याची नोकरी गेली म्हटल्यावर एस्तेरबाईंची प्रसन्नता संपली. "नोकरीला धाड भरलेली नाही! उपास आहे आमचा!"

"आगं बया! मग आदी सांगायचं न्हाय व्हय?" बयाबाईंनी लगेच पिठलं उचललं. बायका पांगल्या, तेव्हा एस्तेरबाईंना वाटलं, सुटलो. पण त्या परतल्या त्या साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन.

"आमच्यात हे चालत नाही हो."

"ह्ये उपासाचंच हाय की!"

"आमच्यात उपासाला काहीच खात नाहीत."

धोंडुबाईंनी पदर तोंडावर धरला. असलं भयंकर काही त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. "उपासाला उपाशी? लेकराला मारतायसा का काय!"

त्यांनी रूथच्या तोंडाशी लाडू नेला. भाजलेल्या दाण्यांच्या वासानं रूथच्या पोटात कावळे ओरडायला लागले. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले, ओठ घट्ट मिटले आणि लीलाचं दप्तर डोळ्यांपुढे आणलं.

दिवेलागणीला मास्तर आले. बरोबर धोंडुबाईंचा नवरा आकाराम होता. तो त्याच कचेरीत पट्टेवाला. सोप्यात मांडलेली ताटं पाहून मास्तर उंबऱ्यातच थिजले.

"रूथ! शेवटी मोडलासच ना? आता शाळा विसर!"

रूथचा दिवसभराचा प्रसन्न चेहरा एकदम कोसळला. "मी काही खाल्लं नाही, बाबा," एवढं म्हणून ती हुंदके द्यायला लागली.

धोंडुबाई उसळल्या. "पोरीनं कशाला बोट लावलं न्हाय, मास्तर! म्या तोंडात कोंबत हुतो, तर दातखीळ बसल्यावानी बसली."

आकारामला काहीच कळेना. "पर खाल्लं आसतं तर बिघडलं काय म्हंतो मी? मास्तर, दुपारी माज्या घरनं ह्याच खिचडीचा डबा आला, तवा तुमीच म्हनलासा न्हवं, उपासाचं हाय म्हंजे चालतंय म्हणून? डबा पुसून खाल्लासा की!"

एस्तेरबाईंनी आ वासला तो तसाच राहिला. रूथ हुंदका अर्धवट सोडून बापाकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्ही जेवलात?"

मास्तरांनी घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली.

"मला," ते म्हणाले, "सांगता येत नाही."

जूनमध्ये रूथ लीलाबरोबर दप्तर घेऊन निघाली. बयाबाई दारातून म्हणाल्या, "म्हंजे वैनी, घरातली शाळा मोडली म्हणायची."

"मोडली कशानं?" एस्तेरबाई म्हणाल्या. "विद्यार्थी बदललाय."

त्या दिवशीही बुधवारच होता. आत मास्तर तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून, चेहरा प्रसन्न ठेवायची खटपट करत बसले होते.